गंगाखेडचा परराष्ट्र व्यवहार

दिल्लीत मला ज्या वसतिगृहात खोली मिळाली त्याचं नाव गोदावरी. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. थोडं पलीकडे मुलींचंच आणखी एक वसतिगृह होतं, त्याचं नाव गंगा. पहिल्या आठवड्यात घरी फोनवर सांगितलं की मी गोदावरीत राहते आणि गाडीत ओळख झालेली मुलगी गंगेत. आजीला ते काही पटेना. "एकच की गं ते," म्हणाली. गंगाखेडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. अमावस्येला गंगेवर, धुणं घेऊन गंगेवर, कुणी वारलं तरी गंगेवरच. उत्तरेतली ती दुसरी, तिला आमच्याकडे 'काशीची गंगा' म्हणायचं. तेव्हा एकाच नदीच्या नावानं दोन वसतिगृहं कशाला बांधली, हा आजीचा प्रश्न तिच्या परीनं रास्तच होता.

हे २००९ साल. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला पकडली आणि हुजूर साहिबहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या गाठोड्यांमध्ये अवघडून बसत एम.ए.ला आले. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. गावात हे सांगणं म्हणजे एक शिक्षाच. 'संबंध' म्हटलं की लोकांच्या भुवया उगीच वर जातात. एका लग्नाच्या पंगतीत लांबच्या मामांनी घास थांबवून विचारलं, "कुणाचे?" म्हटलं, देशादेशांचे. "बरं बरं," ते म्हणाले, "म्हणजे शेवटी कलेक्टरच ना?" मी हो म्हटलं. जिलबी गार होत होती.

अण्णांनी काहीच विचारलं नाही. मोंढ्यात त्यांचं खताचं दुकान. त्यांनी गल्ल्यातून पैसे मोजून दिले आणि पावती सांभाळून ठेव म्हणाले.

बी.ए. मी गावाजवळच्या कॉलेजात मराठीतून केलं होतं. दिल्लीत पहिल्याच तासाला बारा पानांची वाचनयादी हातात पडली, सगळी इंग्रजी. झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेले गठ्ठे खाटेखाली ठेवले आणि एक दोनशेपानी वही आखली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. पहिल्या सत्रात ही वही हीच माझी लाज होती. कुणी खोलीत आलं की उशीखाली जायची. बाकीच्या मुली सिद्धान्तांवर वाद घालत तेव्हा मी शब्दांच्या जोड्या लावत असे. पण लावता लावता एक गंमत लक्षात यायला लागली. उजवीकडचे शब्द काही गप्प बसणारे नव्हते. डावीकडच्या शब्दाशी त्यांचं भांडण असायचं.

उदाहरणार्थ 'अराजक'. मराठीत अराजक म्हटलं की जळालेल्या एसट्या आणि फुटलेल्या काचा डोळ्यांपुढे येतात. वर्गात मात्र या शब्दावर अख्ख्या विषयाचा डोलारा उभा. देशांच्या वर कुणी राजा नाही, तक्रार घेऊन जावं असं ठाणं नाही, म्हणून जो तो आपापली काठी जवळ बाळगतो. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली यावर आपली सगळी मांडणी रचली. पुढे १९९२ मध्ये अलेक्झांडर वेंट म्हणाले, की या अराजकाचं काय करायचं ते देशच आपसात ठरवत असतात. माझे वर्गमित्र म्हणत, यात दंगल कुठे आहे, हा शब्द फसवा आहे. मला आमचा शब्द फसवा वाटला नाही. अ-राजक. राजा नसलेलं. तो बिचारा पहिल्यापासून तेवढंच सांगत होता. एसट्या आपण नंतर जाळल्या.

मग 'अलिप्ततावाद'. हिंदीवाली मुलं 'गुटनिरपेक्षता' म्हणायची. अवघड शब्द, पण नेमका. कुठल्या गटात नाही, एवढंच सांगतो. आमचा अलिप्त म्हणजे कमळाच्या पानावरचं पाणी. कशाचा लेप लागू न देणारा, भानगडीत न पडणारा. शाळेत हा धडा शिकले तेव्हा माझ्या मनात नेहरूंचं चित्र भांडणाऱ्या दोन घरांच्या मधे दार लावून बसलेल्या सज्जन शेजाऱ्यासारखं होतं. प्रत्यक्षात ही अलिप्त मंडळी दर भांडणाच्या मधोमध उभी. कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धबंद्यांचं करायचं काय, हा पेच भारताच्या गळ्यात आला. १९५३ साली तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि त्या हजारो कैद्यांवर पहारा द्यायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. परक्या देशात, परक्यांच्या कैद्यांची राखण, दोन्ही बाजूंच्या शिव्या खात. ही कसली अलिप्तता? माझी शंका अशी आहे की मराठी वाचकाला भारताचं परराष्ट्र धोरण जे कायम 'नामानिराळं' वाटत आलं, त्यात या एका शब्दाचा हात मोठा आहे.

आणि 'परराष्ट्र' तरी काय साधा शब्द आहे? दिल्लीतलं 'विदेश मंत्रालय' आपल्या वर्तमानपत्रात आलं की परराष्ट्र मंत्रालय होतं. विदेश म्हणजे दुसरा देश, बस. परराष्ट्र म्हणजे परक्याचं राष्ट्र, आणि जुन्या संस्कृत राजनीतीत 'पर' म्हणजे सरळ शत्रूच. मुत्सद्दी हा मुळात कारकून. वकील हा पेशवाईत दुसऱ्याच्या दरबारी राहून बातम्या कळवणारा आपला माणूस, आता काळा कोट घालून कोर्टात उभा. वही फुगत चालली होती.

विषयाचा इतिहासही एका तासात उरकला, पण त्यातली एक गोष्ट मी मनात वेगळी ठेवली. या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्राकाठच्या लहान गावात स्थापन झालं. डेव्हिड डेव्हिस या तिथल्या धनिकानं आणि त्याच्या बहिणींनी, महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणीसाठी वीस हजार पौंड दिले होते. म्हणजे लंडन नाही, पॅरिस नाही. बाजारात इंग्रजीहून वेगळी भाषा बोलणारं एक गाव, आणि तिथली परत न आलेली पोरं. मला ते ऐकून बरं वाटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये जी संस्था सुरू झाली, ती पुढे १९७० मध्ये या विद्यापीठात आली. मी ज्या इमारतीत बसत होते तिचं मूळ ते.

प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचा मेलोस बेटावरचा संवाद सगळ्यांना वाचावाच लागतो. अथेन्सची आरमारं दारात, मेलोसवाले म्हणतात आम्ही कुणाच्या बाजूचे नाही, आम्हाला राहू द्या, न्याय नावाचं काही आहे की नाही. अथेन्सवाले म्हणतात, न्यायाच्या गोष्टी बरोबरीच्यांनी कराव्यात. त्या आठवड्यात मी फोनवर आजीला ही कथा सांगितली. तिनं मधेच तोडलं. "बळी तो कान पिळी. ह्याला दिल्लीला जावं लागतंय व्हय?" मी हसले, पण नंतर वाटलं, म्हण तिथेच संपते आणि संवाद पुढे जातो. मेलोसवाले विचारतात, आज तुम्ही असं वागलात तर उद्या तुम्ही पडाल तेव्हा लोक तुमच्याशी कसे वागतील? या प्रश्नासाठी ते वाचायचं.

अण्णांचा रस निराळा. त्यांना पोटॅश कुठून येतं याच्याशी कर्तव्य. आपल्या देशात पोटॅशची खाण नाही. ऊस आणि केळीला टाकायची ती लाल-पांढरी भुकटी कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल असल्या देशांतून बंदरात उतरते आणि मग मोंढ्यात. डीएपी खताला लागणाऱ्या फॉस्फेटचा मोठा वाटा मोरोक्को आणि जॉर्डनचा. मी त्यांना सांगितलं की मोरोक्कोनं ताब्यात ठेवलेल्या पश्चिम सहारातही फॉस्फेटची खाण आहे, तिथल्या लोकांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलंय, भारतानं १९८५ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २००० मध्ये काढूनही घेतली. बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाले, "काढून घेता येती का मान्यता?" येते, म्हटलं. "उधारीसारखंच हाय मग," अण्णा म्हणाले. 'परस्परावलंबन' या प्रकरणावर मी नंतर पुष्कळ वाचलं, ह्याहून कमी शब्दांत सांगितलेलं सापडलं नाही.

आता मूळ गोष्ट.

तिसऱ्या सत्रात संयुक्त राष्ट्रसंघावरच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला एक शोधनिबंध लिहायचा होता. मी इंडोनेशिया घेतला. १९४७ च्या जुलैत डच फौजांनी तिथल्या नव्या प्रजासत्ताकावर चाल केली, आणि भारत व ऑस्ट्रेलियानं तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. आपला देश स्वतंत्र व्हायला अजून पंधरा दिवस होते! डचांचं म्हणणं असं की हे युद्धच नव्हे, आमच्या घरातला मामला आहे, कायदा-सुव्यवस्थेसाठी केलेली 'पोलीस ॲक्शन' आहे.

ग्रंथालयाच्या नऊ मजली इमारतीत बसून हे वाचताना मी थांबले. पोलीस ॲक्शन?

मराठवाड्याच्या माणसाला हा शब्द म्हणजे कॅलेंडर आहे. आजीच्या पिढीला इसवी सन नसतोच. पोलीस ॲक्शनच्या आधी, पोलीस ॲक्शननंतर, रझाकाराच्या वेळी, एवढ्या तीन खुंट्यांवर सगळं टांगलेलं. अमक्याचं लग्न पोलीस ॲक्शनच्या वर्षी, तमका पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी झालेला. शाळेत सतरा सप्टेंबरला झेंडा, स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो, पेढा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कर निजामाच्या हद्दीत शिरलं, पाचव्या दिवशी निजामानं युद्धबंदी जाहीर केली. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते. पोलीस कुठे होते, हे आम्हाला कधी कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मी १९४८ सालचे सुरक्षा परिषदेच्या कामकाजाचे खंड मागवले. इंडोनेशियासाठीच मागवले होते, खोटं कशाला बोलू. पण अनुक्रमणिकेत सप्टेंबरात दोन शब्द होते: हैदराबादचा प्रश्न.

हैदराबाद सरकारनं २१ ऑगस्टला परिषदेला तार केली होती. परिषद त्या वेळी पॅरिसला भरत होती. १६ सप्टेंबरला विषय निघाला. हैदराबादच्या बाजूनं मोईन नवाझ जंग, भारताच्या बाजूनं रामस्वामी मुदलियार. मोईन नवाझ जंग म्हणत होते, संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य नसलेल्या राष्ट्रालाही सनदेच्या ३५ व्या कलमाखाली गाऱ्हाणं मांडता येतं. मुदलियार म्हणत होते, हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, त्यामुळे हा आमचा अंतर्गत मामला. पुढची बैठक २० सप्टेंबरला ठेवली. दरम्यान १७ तारीख उजाडली आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते सरकार संपलं.

मी तिथे बसून होते आणि मला घाम फुटला होता. गंगाखेड, परभणी जिल्हा, निजाम संस्थान. माझा तालुका सुरक्षा परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता आणि मी दीड वर्ष लोकांच्या तालुक्यांबद्दल वाचत होते.

राष्ट्र कशाला म्हणावं याच्या चार अटी १९३३ च्या मोन्टेव्हिडिओ करारात आहेत. कायम वस्ती, निश्चित भूभाग, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी व्यवहार करण्याची क्षमता. हैदराबादला लावून पाहा. १९४१ च्या शिरगणतीत दीड कोटीहून जास्त वस्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड एकत्र धरले तर जवळपास तेवढा भूभाग. सरकार तर असं, की स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, हद्दीवर करोडगिरीची नाकी आणि स्वतःचा हाली रुपया. चारमिनारचं चित्र असलेला एक हाली रुपया आजीच्या चंचीत सुपारीच्या खांडांबरोबर अजून होता. लहानपणी मी तो खेळायला मागायची आणि ती द्यायची नाही. घोडं पेंड खातं ते चौथ्या अटीवर. बाहेरचा सगळा व्यवहार इंग्रजांच्या मुठीत होता, आणि ते गेल्यावर ती मूठ कुणाकडे आली यावरच तर भांडण. इंग्रजीत हैदराबादही 'स्टेट' आणि फ्रान्सही 'स्टेट'. त्यामुळे पॅरिसात त्यावर पानंच्या पानं खर्च झाली. मराठीत तो वाद होऊच शकत नव्हता. आपण पहिल्यापासून 'संस्थान' म्हणत होतो. वहीतल्या उजव्या रकान्यानं निकाल आधीच देऊन टाकला होता.

मी विलीनीकरणाच्या बाजूची आहे, यात मला कधी संशय आला नाही. डच समुद्र ओलांडून आले होते. हैदराबादला चहूबाजूंनी भारत होता, आणि आत लोकांची चळवळ होती, तुरुंग भरलेले होते, रझाकारांचा धुमाकूळ होता. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजणं चुकीचं. पण शब्द तोच कसा? एक वर्ष आधी डचांचा जो शब्द आपल्या प्रतिनिधींना मान्य नव्हता, तोच आपण उचलला, कारण त्याचं काम दोन्हीकडे एकच: ही सीमा नाही, हा उंबरा आहे, आतलं आम्ही बघून घेऊ. १९५० साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही कोरियातल्या युद्धाला पोलीस ॲक्शन म्हणवून घेतलं. जगात या शब्दाचे इतके दावेदार, आणि आम्ही समजत होतो तो आमच्या परभणी-नांदेडचाच.

आजीची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. तिचं माहेर कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेपासून जवळ. पैनगंगेच्या अलीकडे निजामाची हद्द, पलीकडे वऱ्हाड. ती तेव्हा बारा वर्षांची. त्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावातली अनेक घरं रातोरात नदीपलीकडे गेली, त्यात तिचंही. नावेत बसताना काळी गाय काही केल्या पाण्याजवळ येईना, दावं तोडून माघारी पळाली. ही जागा सांगताना आजी नेहमी हसायची. गाय सरळ गावात गेली आणि शेजारच्या शिंप्याच्या दारात जाऊन उभी राहिली. शिंपी मुसलमान होता, आजी त्याला चाचा म्हणायची. त्यानं निरोप धाडला की गाय माझ्यापाशी आहे, काळजी करू नका. ज्या उतारावरून त्यांनी नदी ओलांडली तो आता इसापूर धरणाच्या पाण्याखाली आहे.

माझ्या अभ्यासक्रमाच्या भाषेत सांगायचं तर आजी सीमा ओलांडून गेलेली निर्वासित होती. तिच्या भाषेत ती तीन महिने पलीकडं राह्यली होती. आणि त्यातला विनोद तिला कधीच कळला नाही: ज्या वऱ्हाडात ती निजामाला भिऊन पळाली, ते कागदावर निजामाचंच होतं. इंग्रजांनी १९०२ साली वर्षाला पंचवीस लाखांवर ते कायमच्या खंडानं घेतलेलं, आणि १९३६ पासून निजामाचा थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणून मिरवत होता. पळून पळून पोरगी राजपुत्राच्या इलाख्यात!

गोष्टीचा पुढचा भाग आजी सांगत नसे. पोलीस ॲक्शन झाली, दिवाळीच्या आसपास ती मंडळी परत आली. "मग गाय?" असं मी लहानपणी विचारायची. "गाय नव्हती," एवढंच. शिंप्याचं घर? "बंद होतं." कोण कुठे गेलं हे विचारलं की ती उठून कामाला लागायची. दिल्लीत मला त्याचाही कागद वाचायला मिळाला, पुढे काही वर्षांनी. पोलीस ॲक्शननंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना संस्थानात फिरून यायला पाठवलं होतं. त्यांचा अहवाल दशकानुदशकं छापला गेला नाही. २०१३ च्या सुमारास तो लोकांपुढे आला. ॲक्शनच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, हा त्यांचा हात राखून केलेला अंदाज, आणि मेलेली बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमच्या शेजारचा नांदेड. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत रझाकारांनी काय केलं ते असतं, आणि ते खरंच असतं. हे नसतं. मला पेढा नको झाला असं नाही. पण तोंडात जरा वेळ फिरतो तो आता.

निबंध मी शेवटी इंडोनेशिया आणि हैदराबाद असा जोडून केला. त्यात एक वाक्य आजीच्या नदी ओलांडण्याबद्दल होतं. सरांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल करून समासात लिहिलं, "हे कुठून?" मी तळटीप दिली: आजी, गंगाखेड, फोनवरून. सरांनी ती राहू दिली. त्या वर्षी वही उशीखालून टेबलावर आली.

डिसेंबरात सुट्टीला घरी गेले तेव्हा परिषदेच्या त्या पानांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. अंगणात ऊन होतं, आजी सुपात ज्वारी पाखडत बसलेली.

"काय आणलंस हे?"

"तुझ्या वेळचं. पोलीस ॲक्शनचं."

"मराठीत हाय?"

"इंग्रजीत आहे. सांगते ना मी." आणि सांगितलं. पॅरिस, मोठं टेबल, एक जण निजामाच्या बाजूनं, एक आपल्या बाजूनं, आणि परिषदेतल्या अकरा देशांची माणसं ऐकत बसलेली.

तिचे हात थांबले. "आमच्यावर बोलायलेत?"

"हो."

"एवढे लोक?" ती जराशी सावरून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला, जणू ते लोक अंगणातच आले होते. "मग काय ठरलं?"

"काहीच नाही. निजामानंच तक्रार मागे घेतली म्हणून कळवलं. ती माघार खरी की धाकानं, यावर पुन्हा वाद. पुढच्या वर्षी मे महिन्यात परत बोलले. मग विषय तसाच यादीवर ठेवून दिला."

"किती दिस?"

"दिवस कसले. कित्येक वर्षं यादीवरच होता."

आजी मोठ्यांदा हसली. "मंजी कचेरीच की गं ती!" तिच्या भावाचा बांधाचा दावा तहसिलीत एकवीस वर्षं पडून होता, तो सगळा तिनं मला पुन्हा सांगितला, कारकुनांच्या नकलांसकट. अण्णा दुकानातून जेवायला आले, त्यांनी पानं उलटून पाहिली, कागद चांगला आहे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ज्वारीचा कोंडा उडत होता. बऱ्याच वेळानं तिनं मान वर न करता विचारलं, "त्यात गावांची नावं हायत का?"

मी खरं म्हणजे शोधली होती. "नाहीत," म्हटलं.

"आपल्या शिंप्याचं, कुणाचं?"

"नाही."

"मग कशाचे कागद ते," आजी म्हणाली, आणि सूप पुन्हा हलायला लागलं.